खात्याचा कॅमेरा

खात्याला हवे होते फक्त होड्यांचे नंबर,
नाळेवरचे, ठळक, एका होडीचा एक फोटो.
कॅमेरा सही घेऊन दिला होता माझ्या ताब्यात,
दोन पेन्सिल सेल, मनगटात अडकवायची दोरी
आणि चकतीवर एक खूण, फिल्मच्या पट्टीची,
जिच्याबद्दल पत्रकात काहीच लिहिलं नव्हतं.

साखरीनाट्याच्या खाडीला ओहोटी लागलेली.
कुशीवर कलंडलेल्या होडीपाशी
कासमभाई म्हसकर, कलापती,
सुताची वात उंडीच्या तेलात भिजवून
फळ्यांच्या सांध्यात बसवत होते मोगरीने.
टक्. टक्. टक्.
मी चकती फिरवली.

पहिली क्लिप तेवीस सेकंदांची.
कॅमेरा दिसला तसे ते उठले,
मोगरी पाठीमागे लपवली, टोपी सारखी केली,
गळ्याचं बटण लावलं
आणि उभे राहिले, पासबुकावरच्यासारखे.
मी काही बोलले नाही;
बोलले तर माझाच आवाज जाईल आत.
तेवीस सेकंद.
पापणी हलली नाही,
हलला तो सदऱ्याचा डावा कोपरा.
मागून एक कोंबडी आली, होडीच्या सावलीत शिरली,
काही न सापडून परत निघाली.
"झाला काय?"
झाला, म्हटलं.
असा फोटो माझ्याकडे एकच आहे,
ज्यात माणूस अजून फोटो व्हायची वाट बघतोय.

दुसऱ्या खेपेला सांगितलं,
काम करा, माझ्याकडे बघूच नका.
वारा मुसाकाजीकडून तिरपा येत होता.
जवळून घ्यावं म्हणून झूम दाबला, तर दाद नाही;
एकदा चालू झाला की हा बघतो तेवढंच बघतो.
मग मीच दोन पावलं चिखलात गेले.
चप्पल तिथेच राहिली.

त्याच्या तोंडावर टाचणीएवढं भोक आहे, तोच कान.
त्यावर निम्मा वेळ माझंच बोट होतं,
हे ऐकताना कळलं.
आणि हेही, की याला ऐकायची रीत नाही:
ठोका पडला की दचकून कान झाकून घेतो,
मग हळूहळू बोटं सैल करतो,
तेवढ्या सवडीत खाडी वर चढते,
वारा फडफडतो,
जेटीवर कुणी बर्फ फोडतंय ते येतं,
माझा श्वास, सगळ्यांत मोठा,
की पुन्हा ठोका, पुन्हा सगळं तळाला.
एकेका सेकंदाची भरती-ओहोटी.

दाखवायला गेले तर उन्हात पडदा काळा.
त्यांनी बघण्याचा नाद सोडला,
कॅमेरा फोनसारखा कानाला लावला
आणि डोळे मिटले.
टक्. टक्. टक्.
"परत लाव."
टक्. टक्. टक्.
"तिसरा पोकल हाय."
मला तिन्ही सारखेच.
"मारताना हाताला कलला नाय," म्हणाले,
"तुज्या डबीला कलला."

कॅमेरा तेलकट होऊन माझ्या हातात आला.
ते होडीखाली वाकले, बोटाने सांधा चाचपत
मागे मागे गेले,
एके जागी थांबून बसवलेली वात उपसली, वीतभर.
तिथून पाणी आलं असतं,
ऑगस्टात, बाहेर, किनारा दिसेनासा झाल्यावर.
नवी वळली, भिजवली, ठोकली.
ते घ्यायला मी बटण दाबलं
तर लाल अक्षरांत आलं, कार्ड भरलंय.

अजून सतरा होड्यांचे नंबर बाकी होते.
जागा करायची तर दोनातली एक क्लिप पुसायला हवी.
मी बराच वेळ उभी होते, एक पाय अनवाणी.
मग दुसरी पुसली.
तिच्यातला तिसरा ठोका
तसाही आता खरा राहिला नव्हता.